एकाच होम पेजचे आठ पत्ते: कोणता ठेवायचा आणि बाकीच्यांचे काय करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या स्वतःच्या बागेतला हापूस तुम्ही वेबसाइटवरून विकता. साइटचे होम पेज डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडते आणि न लावताही उघडते, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही प्रकारे उघडते आणि शेवटी ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ जोडले तरी तेच पान समोर येते. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते साइटमालकाला दाखवणाऱ्या मोफत साधनात) यांतले काही पत्ते ‘डुप्लिकेट’ या सदराखाली दिसू लागले आहेत. एका एसईओ (शोधनिकालांत साइट वर आणण्याच्या कामाच्या) सल्लागाराने यासाठी गूगल दंड करते असे सांगितले, तर तुमच्या डेव्हलपरने नको असलेले पत्ते रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या शोधयंत्राच्या रोबोटला कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवून टाकू असे सुचवले. यातले खरे काय, कोणता पत्ता ठेवावा आणि बदल केल्यावर गूगलच्या निकालांत आहे तो क्रमांक घसरेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून. अशा पत्त्यांसाठी दंड होत नाही. रोबोट्स फाइलचा उपाय अजिबात करू नका, कारण त्याने आजच्यापेक्षा जास्त नुकसान होईल. एचटीटीपीएसचा एक पत्ता मुक्रर करा, बाकीचे सर्व पत्ते ३०१ क्रमांकाच्या कायमस्वरूपी रीडायरेक्टने (आलेल्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या उत्तराने) त्याच्याकडे वळवा, प्रत्येक पानावर त्या पानाचा स्वतःचा कॅनॉनिकल टॅग (अधिकृत पत्ता सांगणारी खूण) ठेवा आणि साइटमधल्या लिंका, साइटमॅप (शोधयंत्रासाठीची पानांची यादी), गूगलवरचे व्यवसायाचे प्रोफाइल या सगळ्या ठिकाणी तोच पत्ता लिहा. शोधयंत्राला अडचण होते ती अनेक पत्ते असण्याने तितकी नाही, जितकी साइटने स्वतःबद्दल चार ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी सांगण्याने होते.

माणसाला जे एकच पान वाटते ते शोधयंत्राच्या दृष्टीने अनेक पाने का ठरतात, हे पाहू. वेब पत्त्याचे प्रोटोकॉल (एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस), होस्ट (डोमेनचे नाव) आणि मार्ग (त्यापुढचा भाग) असे भाग असतात आणि यांतला कोणताही भाग बदलला की तो पत्ता वेगळा. तांत्रिकदृष्ट्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे एक उपडोमेनच आहे. तिथे संपूर्ण वेगळी साइट ठेवायला कोणाची आडकाठी नाही. म्हणून दोन प्रोटोकॉल, दोन होस्ट आणि इंडेक्स फाइलसह किंवा तिच्याविना असे दोन मार्ग धरले, तर तुमच्या एका होम पेजचे आठ पत्ते होतात. जुन्या साइटची ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ फाइल फोल्डरमध्ये तशीच राहिली असेल तर बारा. पण एका गोष्टीची चिंता करू नका. डोमेनच्या नावानंतर येणारी एकटी तिरकी रेघ असली काय आणि नसली काय, होम पेजच्या बाबतीत पत्ता एकच असतो, कारण ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवताना ती रेघ लावतोच. आतल्या पानांच्या बाबतीत मात्र शेवटच्या रेघेने फरक पडतो. तसेच डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, पण त्यापुढच्या मार्गात असतो. आणि विंडोज सर्व्हरवर मोठ्या अक्षरांतले ‘डिफॉल्ट’ आणि लहान अक्षरांतले ‘डिफॉल्ट’ या दोन्ही नावांनी एकच पान उघडत असल्याने तिथे पत्त्यांची संख्या आणखी वाढते.

आता दंडाबद्दल. गूगलने सप्टेंबर २००८ मध्येच स्पष्ट केले होते की, एकाच साइटवर सारखा मजकूर अनेक पत्त्यांवर असण्याला दंड नाही, फसवणुकीचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. शोधयंत्र सारख्या पानांचा एक गट करते, त्यातला एक पत्ता प्रतिनिधी म्हणून निवडते आणि गटातल्या सर्व पत्त्यांना मिळालेल्या लिंकांचे वजन (क्रमवारीत मोजली जाणारी पत) त्या प्रतिनिधीच्या खात्यावर टाकते. हे काम ते बहुतेक वेळा बरोबर करते, आणि म्हणूनच पाच-पंचवीस पानांच्या लहान साइटचे या एका कारणाने फार मोठे नुकसान झालेले मी क्वचितच पाहिले आहे. कोणी तुम्हाला ‘डुप्लिकेट होम पेजमुळे तुमचा क्रमांक पन्नासवर गेला’ असे सांगून मोठा खर्च करायला लावत असेल, तर खिशात हात घालण्यापूर्वी थांबा.

तरीही हे काम करायचे, आणि नीट करायचे, याचे कारण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांत आहे. गट जुळण्यासाठी दोन पत्त्यांवरचा मजकूर सारखा दिसावा लागतो. तुमच्या होम पेजवर हंगामात रोजचा भाव बदलतो, एका पत्त्याची जुनी प्रत कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकून राहते, मग सोमवारी वाचलेली एक प्रत आणि गुरुवारी वाचलेली दुसरी प्रत यांत अंतर पडते आणि काही काळ शोधयंत्र त्यांना वेगळी पाने समजू शकते. तेवढा काळ लिंकांचे वजन विभागले जाते. शिवाय निवडलेला प्रतिनिधी तुम्हाला हवा तोच असेल याची हमी नसते. निकालांत ‘इंडेक्स डॉट पीएचपी’वाला लांबलचक पत्ता दिसू लागतो. आकडेवारीही फुटते. सर्च कन्सोलमध्ये तुम्ही फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाली मालमत्ता (तिथे नोंदवलेली साइट) जोडली असेल, तर दुसऱ्या पत्त्यावरचे क्लिक तुम्हाला दिसतच नाहीत, आणि भेटी घटल्या असा चुकीचा निष्कर्ष निघतो. होम पेजच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे, कारण बाहेरून येणाऱ्या लिंका बहुतांशी होम पेजवरच येतात. वर्तमानपत्रातली बातमी, कृषी प्रदर्शनाची यादी, एखाद्या खाद्यलेखकाने केलेला उल्लेख, हे सगळे होम पेजकडेच बोट दाखवतात आणि तिथून ते वजन आतल्या पेटीच्या आणि डझनाच्या पानांपर्यंत पाझरते. मूळ झऱ्यालाच फाटे फुटले तर खाली पाणी कमी येणार.

आता पत्ता निवडण्याकडे येऊ. एचटीटीपी की एचटीटीपीएस हा प्रश्न आज उरलेला नाही. गूगलने ऑगस्ट २०१४ मध्ये एचटीटीपीएस हा क्रमवारीतला एक हलका निकष असल्याचे जाहीर केले, डिसेंबर २०१५ पासून दोन्ही पत्ते समान असतील तर एचटीटीपीएसचाच पत्ता आपणहून निवडायला सुरुवात केली आणि जुलै २०१८ मध्ये क्रोमच्या ६८ व्या आवृत्तीपासून साध्या एचटीटीपी साइटवर ‘असुरक्षित’ असा शेरा दिसू लागला. पैसे देणारा ग्राहक तो शेरा पाहून मागे फिरतो, हे कारण मला क्रमवारीपेक्षाही मोठे वाटते.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचे की काढायचे, याने क्रमवारीत काहीही फरक पडत नाही. दोन तांत्रिक मुद्दे तेवढे लक्षात घ्या. डीएनएसच्या (डोमेनची नावे सर्व्हरशी जोडणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांनुसार मूळ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना, डोमेनवर सीनेम प्रकारची (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) नोंद ठेवता येत नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर ठेवता येते. त्यामुळे उद्या सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) घ्यायचे झाले तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला पत्ता थोडा सोयीचा पडतो. दुसरे म्हणजे, मूळ डोमेनच्या नावाने ठेवलेल्या कुकीज (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) सर्व उपडोमेनांना जातात, पण ती अडचण मोठ्या साइटची आहे, तुमची नाही. तुमच्यासाठी खरा निकष साधा आहे: आजवर कोणता पत्ता जास्त पसरला आहे? सर्च कन्सोलच्या लिंक अहवालात पाहा, आणि त्याहीआधी घरात पाहा. आंब्याच्या पेटीवर काय छापले आहे, टेम्पोवर काय रंगवले आहे, जुन्या ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कोणती लिंक फिरते आहे? जो पत्ता आधीच लोकांच्या हातात आहे तोच ठेवला, तर रीडायरेक्टवर सर्वांत कमी भार पडतो. सर्च कन्सोलच्या जुन्या आवृत्तीत ‘पसंतीचे डोमेन’ निवडायची एक सोय होती. ती २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या लेखांत वाचलेले ते बटण शोधत बसू नका. आता तुमची निवड साइटच्या वागण्यातूनच गूगलला कळली पाहिजे.

आता मुख्य काम, रीडायरेक्ट. ३०१ म्हणजे पान कायमचे हलले, ३०२ म्हणजे तात्पुरते हलले. गूगल ३०१ ला नव्या पत्त्याच्या बाजूचा जोरदार कौल मानते आणि ३०२ ला क्षीण कौल. रीडायरेक्टमध्ये थोडे वजन गळते अशी समजूत पूर्वी सर्वत्र होती, पण अशा रीडायरेक्टमध्ये आता पेजरँक (लिंकांच्या वजनाचे गूगलचे माप) कमी होत नाही, असे गूगलच्या बाजूने २०१६ मध्ये सांगण्यात आले. त्यामुळे तुमच्या क्रमांकाची भीती या बाजूने तरी सोडून द्या. काही दिवस निकालांत जुना-नवा पत्ता आलटून पालटून दिसेल, क्रमांकात थोडी हालचाल होईल, मग ते स्थिरावते.

रीडायरेक्ट लिहिताना तीन-चार ठिकाणी नेहमी ठेच लागते, म्हणून तिथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट, उडी एकच हवी. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर आणि तिथून इंडेक्स फाइल काढून मूळ पत्त्यावर, अशी तीन उड्यांची साखळी बऱ्याच साइटवर दिसते, कारण प्रत्येक नियम वेगळ्या दिवशी वेगळ्या माणसाने लिहिलेला असतो. गूगलचा रोबोट दहा उड्यांपर्यंत मागोवा घेतो हे खरे, पण गावाकडच्या मोबाइल नेटवर्कवर ग्राहकाला प्रत्येक उडीसाठी थांबावे लागते. आठांपैकी कोणताही पत्ता टाकला तरी एका झेपेत अंतिम पत्ता मिळेल, असा नियम बांधून घ्या.

दुसरी गोष्ट, एसएसएल प्रमाणपत्र (एचटीटीपीएसच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारे) दोन्ही नावांचे हवे. लोकांना वाटते की आपण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वापरणार नाही, तर त्याचे प्रमाणपत्र कशाला. पण ब्राउझर आधी सुरक्षित जोडणी करतो आणि मगच सर्व्हरचे ‘तिकडे जा’ हे उत्तर वाचतो. प्रमाणपत्रात ते नाव नसेल तर जोडणीच अडते, धोक्याचा पडदा दिसतो आणि तुमचा रीडायरेक्ट कितीही बिनचूक लिहिलेला असला तरी तिथपर्यंत कोणी पोहोचतच नाही.

तिसरी गोष्ट इंडेक्स फाइलची, आणि हिच्यात भलेभले अडकतात. अपाची या प्रचलित सर्व्हर सॉफ्टवेअरकडे कोणी मूळ पत्ता मागितला की सर्व्हर आतल्या आत ती विनंती ‘इंडेक्स डॉट पीएचपी’कडे सोपवतो. आता एचटीअ‍ॅक्सेस या अपाचीच्या नियमांच्या फाइलमध्ये तुम्ही ‘इंडेक्स डॉट पीएचपी मागितले तर मूळ पत्त्यावर पाठवा’ असा सरळ नियम लिहिलात, तर तो या आतल्या सोपवणुकीलाही लागू होतो. ब्राउझर मूळ पत्ता मागतो, सर्व्हर आत इंडेक्स फाइलकडे वळतो, नियम जागा होतो आणि ब्राउझरला पुन्हा मूळ पत्त्यावर पाठवतो. हे चक्र थांबत नाही, आणि पडद्यावर ‘खूप वेळा रीडायरेक्ट केले’ असा संदेश येतो. यावर उपाय असा की, नियमाआधी एक अट घालायची आणि ती अट ‘द रिक्वेस्ट’ या चलावर (व्हेरिएबलवर) तपासायची, कारण त्या चलात ब्राउझरने पाठवलेली मूळ ओळ जशीच्या तशी असते आणि आतल्या हालचालींनी ती बदलत नाही. ग्राहकाने खरोखर इंडेक्स फाइलचे नाव टाकले असेल तेव्हाच मग नियम लागू होतो. हा नियम फक्त गेट आणि हेड या प्रकारच्या, म्हणजे पान किंवा नुसते त्याचे हेडर मागणाऱ्या, विनंत्यांपुरता ठेवा. तुमचा ऑर्डरचा फॉर्म ‘इंडेक्स डॉट पीएचपी’कडेच माहिती पाठवत असेल, तर ३०१ मुळे पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीची गेट होऊन जाते आणि भरलेली माहिती वाटेतच गळून पडते.

चौथी गोष्ट, मध्ये सीडीएन किंवा प्रॉक्सी (ग्राहक आणि सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ सर्व्हर) असेल तर. अशा वेळी ग्राहक आणि प्रॉक्सी यांच्यात एचटीटीपीएस असते, पण प्रॉक्सी आणि तुमचा सर्व्हर यांच्यात साधे एचटीटीपी असू शकते. सर्व्हरला प्रत्येक विनंती एचटीटीपीची वाटते, तो ती एचटीटीपीएसकडे वळवतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. इथे प्रॉक्सीने हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) कळवलेला मूळ प्रोटोकॉल तपासायचा, किंवा त्याहून बरे म्हणजे मधल्या टप्प्यावरही एचटीटीपीएस सुरू करून टाकायचे.

साइट वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीवर असेल तर यातले बरेचसे काम ते स्वतः करते. सेटिंग्जमधल्या ‘वर्डप्रेस पत्ता’ आणि ‘साइट पत्ता’ या दोन्ही रकान्यांत तुम्ही निवडलेला पत्ता अक्षरशः सारखा लिहा. त्यानुसार डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा फरक ते वळवून देते. पण एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेण्याचा नियम मी सर्व्हरच्याच पातळीवर ठेवतो, कारण प्लगइन कधी बंद पडेल ते सांगता येत नाही.

आणखी एक चूक मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तिचे नुकसान मी प्रत्यक्ष निस्तरले आहे. रीडायरेक्ट लिहिताना जुन्या होस्टवरचे प्रत्येक पान नव्या होस्टवरच्या त्याच पानाकडे गेले पाहिजे. काही जण घाईत सर्वच पाने होम पेजकडे वळवतात. मग ‘हापूस पाच डझन पेटी’ शोधून आलेला माणूस होम पेजवर येऊन पडतो, आणि गूगलही अशा सरसकट वळवलेल्या पानांना सापडत नसलेली पाने समजून यादीतून काढते. वर्षानुवर्षे कमावलेली आतल्या पानांची पत एका ओळीच्या नियमाने जाते.

नियम सुरुवातीला ३०२ ने लिहून तपासा आणि सगळे जागेवर आल्यावर त्याचे ३०१ करा. ब्राउझर ३०१ चे उत्तर दीर्घकाळ लक्षात ठेवतात, त्यामुळे चुकीचा ३०१ दुरुस्त केल्यावरही ज्यांनी तो एकदा अनुभवला त्यांच्या मोबाइलवर तो चुकीचाच चालू राहू शकतो.

आता कॅनॉनिकल टॅग. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्रितपणे जाहीर केला. पानाच्या हेड भागात ‘या मजकुराचा अधिकृत पत्ता हा’ असे तो सांगतो. तो आदेश नाही, सूचना आहे. बाकीच्या खुणा उलट दिशेने जात असतील तर गूगल तो बाजूला ठेवते, आणि सर्च कन्सोलमध्ये दिसणारा ‘गूगलने वापरकर्त्यापेक्षा वेगळा कॅनॉनिकल निवडला’ हा शेरा नेमका तेच कळवतो. जिथे रीडायरेक्ट करता येतो तिथे केवळ टॅगवर विसंबू नये असे माझे मत आहे. पण जिथे रीडायरेक्ट करून चालत नाही तिथे टॅगला पर्याय नाही. फेसबुकवरून आलेल्या ग्राहकाच्या पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर ‘एफबीक्लिड’ची लांब शेपटी लागते, जाहिरातींच्या लिंकांना ‘यूटीएम’चे तुकडे जोडलेले असतात. ही शेपटी रीडायरेक्टने छाटली तर कोणत्या जाहिरातीतून किती पेट्या विकल्या गेल्या याचा हिशेबच जातो. ती राहू द्यावी आणि कॅनॉनिकल टॅगमध्ये शेपटीविना स्वच्छ पत्ता द्यावा. त्यासाठी होम पेजने स्वतःकडेच बोट दाखवणारा टॅग ठेवणे आवश्यक आहे.

टॅगमध्ये प्रोटोकॉलपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहा. अर्धवट पत्ता लिहिला तर पान ज्या होस्टवर उघडले त्याचेच नाव त्याला लागते आणि टॅगचा हेतूच फसतो. पानावर टॅग एकच हवा. थीमचा एक आणि एसईओ प्लगइनचा दुसरा असे दोन आले, आणि त्यांत दोन वेगळे पत्ते असले, तर गूगल दोन्हींकडे दुर्लक्ष करू शकते. मुख्य टेम्पलेटमध्ये होम पेजचा पत्ता हाताने लिहून ठेवला, तर तोच टॅग साइटच्या प्रत्येक पानावर जातो आणि प्रत्येक पान ‘मी म्हणजे होम पेज’ असे सांगू लागते. आणि एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: चॅटची खिडकी किंवा मोजणीचा कोड लावताना कोणी हेड भागात चित्राचा किंवा आयफ्रेमचा टॅग टाकला, तर एचटीएमएल वाचणारे यंत्र हेड भाग तिथेच संपला असे धरते. त्याखाली असलेला कॅनॉनिकल टॅग मग बॉडीत गेल्यासारखा होतो आणि गूगल तो मोजत नाही. सोर्समध्ये टॅग दिसतो, लिहिलाही बरोबर असतो, तरी उपयोग नाही. अशा वेळी ब्राउझरच्या इन्स्पेक्ट खिडकीत टॅग हेडमध्ये आहे की बॉडीत, ते पाहावे. मी टॅग हेडच्या अगदी वरच्या ओळींतच ठेवायला सांगतो.

आता रोबोट्स फाइल नको असे मी का म्हणालो ते सांगतो. अडवलेला पत्ता रोबोट वाचूच शकत नाही, त्यामुळे तिथला रीडायरेक्टही त्याला दिसत नाही आणि कॅनॉनिकल टॅगही दिसत नाही. त्या पत्त्याला मिळालेल्या लिंका तिथेच अडकून पडतात. शिवाय तुमचे दोन्ही होस्ट सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमधून चालतात, म्हणजे रोबोट्स फाइलही दोघांची एकच. डेव्हलपरने तिच्यात मूळ मार्ग अडवला, तर हवा असलेला पत्ता धरून सगळी साइटच अडवली जाईल. ‘हे पान निकालांत दाखवू नका’ असे सांगणाऱ्या नोइंडेक्स टॅगचेही तसेच: पीएचपीचे एकच पान आठही पत्त्यांवर येते, त्यावर नोइंडेक्स लावले तर आठही पत्ते निकालांतून जातात. आणि सर्च कन्सोलमधले काढून टाकण्याचे साधन तर या कामासाठी हातीही धरू नका. तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला पत्ता दिला की त्याचे एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना असे सर्व प्रकार साधारण सहा महिने निकालांतून लपवले जातात. एका व्यापाऱ्याने उत्साहाने हे केले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचे स्वतःचे नाव शोधूनही होम पेज दिसेना. विनंती रद्द केल्यावर ते परत आले, पण मधले दिवस त्यांच्या घरात कोणाला धड झोप नव्हती.

साइटच्या आतले काम कंटाळवाणे असते, पण सर्वांत जास्त विसंगती तिथेच सापडते. वरच्या लोगोची लिंक पाहा. बऱ्याच थीममध्ये ती ‘इंडेक्स’ फाइलकडे जाते, आणि लोगो प्रत्येक पानावर असतो, म्हणजे साइटचे प्रत्येक पान चुकीच्या पत्त्याच्या बाजूने मत देते. मेनूतले ‘मुख्यपृष्ठ’, तळातल्या लिंका, एक्सएमएल साइटमॅप, व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर लिंकेची झलक दाखवणाऱ्या ओपन ग्राफ टॅगमधला पत्ता, गूगल बिझनेस प्रोफाइलमधला वेबसाइटचा रकाना, इन्स्टाग्रामचा परिचय, हे सगळे एका बैठकीत बदलून घ्या. होस्टिंग कंपनीने सुरुवातीला दिलेला तात्पुरता पत्ता किंवा नुसत्या आयपी पत्त्यावर साइट उघडते का, तेही तपासा. चाचणीसाठी केलेली प्रत पासवर्डच्या आड ठेवा.

तुम्ही मराठी आणि इंग्रजी अशी दोन होम पेजे करणार आहात असे लिहिले आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. भाषांतर म्हणजे डुप्लिकेट नव्हे. मराठी पानाचा कॅनॉनिकल टॅग इंग्रजी पानाकडे वळवू नका, नाहीतर मराठी पान निकालांतून निघून जाईल. प्रत्येकाचा टॅग स्वतःकडे ठेवा आणि दोघांना एचरेफलँग (hreflang) या, पानाच्या इतर भाषांतल्या आवृत्त्या सांगणाऱ्या, टॅगने एकमेकांशी जोडा. ग्राहकाची भाषा ओळखून आपोआप वळवण्याचा मोह टाळा. गूगलचा रोबोट बहुधा अमेरिकेतून येतो आणि भाषेची पसंती कळवत नाही, त्यामुळे त्याला फक्त इंग्रजी पान दिसत राहील. मराठी होम पेज ‘मुखपृष्ठ’ अशा देवनागरी मार्गावर ठेवले तर कॉपी केलेल्या लिंकेत त्या एका शब्दाच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांसह ७२ अक्षरे दिसतील, कारण त्यातली आठ देवनागरी चिन्हे प्रत्येकी तीन बाइटची आहेत आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. ते दिसायला विचित्र असले तरी तो दुसरा पत्ता नव्हे, तोच पत्ता आहे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळू लागले आहे. ते तुम्ही घेतले तर मात्र तो खरोखरीचा वेगळा होस्ट आहे, आणि त्यालाही स्वतःचे प्रमाणपत्र आणि पानाला पान जुळवणारा ३०१ लागेल.

तपासणी अशी करा. डेव्हलपरला टर्मिनलमध्ये कर्ल ही (सर्व्हरचे उत्तर जसेच्या तसे दाखवणारी) आज्ञा फक्त हेडर दाखवण्याच्या पर्यायासह आठही पत्त्यांवर चालवायला सांगा. सात पत्त्यांवर पहिल्या ओळीत ३०१ आणि ‘लोकेशन’च्या ओळीत थेट अंतिम पत्ता दिसला पाहिजे, आठव्यावर २००, म्हणजे पान मिळाले. ब्राउझरमध्ये कधी ३०७ दिसला तर घाबरू नका. सर्व्हरने एचएसटीएस (ही साइट नेहमी एचटीटीपीएसनेच उघडा अशी ब्राउझरला दिलेली सूचना) लावलेले असेल तर क्रोम सर्व्हरला न विचारता स्वतःच एचटीटीपीएसकडे वळतो आणि त्याची नोंद ३०७ अशी दाखवतो. म्हणूनच ही तपासणी ब्राउझरमध्ये न करता कर्लने करायची. सर्च कन्सोलमध्ये ‘डोमेन’ प्रकारची मालमत्ता जोडा. ती डीएनएसमधल्या टेक्स्ट नोंदीने सिद्ध होते आणि सर्व प्रोटोकॉल व उपडोमेने एकत्र दाखवते. मग यूआरएल तपासणीत होम पेज टाकून ‘वापरकर्त्याने घोषित केलेला’ आणि ‘गूगलने निवडलेला’ हे दोन्ही कॅनॉनिकल सारखे झाले का ते आठवड्याला एकदा पाहत राहा. बाकीचे सात पत्ते ‘रीडायरेक्ट असलेले पान’ या सदरात गेलेले दिसतील. ते इंडेक्समध्ये (गूगलच्या शोधसूचीत) नाहीत अशी सूचना येईल, आणि ती सूचना म्हणजे काम झाल्याची खूण आहे, दुरुस्त करायची चूक नव्हे.

एक विनंती. हे काम मार्च ते मे या काळात करू नका. बदल बरोबर असला तरी गूगलला सगळे पत्ते पुन्हा वाचायला काही आठवडे लागू शकतात, आणि तुमची वर्षाची विक्री त्याच आठवड्यांत होते. पावसाळ्यात बाग निवांत असते तेव्हा करा, म्हणजे मोहोर येईपर्यंत सगळे स्थिरावलेले असेल. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत असे गूगल सांगते, पण तुम्ही ते कधीच काढू नका. तुमच्या जुन्या पुठ्ठ्याच्या पेट्या लोकांच्या माळ्यावर वह्या-पुस्तके भरून पडलेल्या असतात, आणि त्यावरचा पत्ता वाचून कोणीतरी पाच वर्षांनीही फोनवर टाइप करतो.